अंगणाच्या नोंदी: आधी पाणी, मग ऊन, मग पानं, शेवटी फुलं

९ फेब्रुवारी

जागा: घरापुढचं उत्तरेकडचं अंगण. लांबी २४ फूट, घरापासून रस्त्याच्या कुंपणापर्यंत रुंदी १८ फूट. आत्ता तिथे आहे ते असं: जुनी बोगनवेल, शेवंतीच्या चार-पाच कुंड्या, बाकी मोकळी माती आणि गवत.

हवं काय? वर्षभर बघावंसं वाटेल असं अंगण. फक्त डिसेंबर-जानेवारीत बहरणारं आणि एप्रिलमध्ये उघडंबोडकं पडणारं नको. म्हणून रोपांची यादी सर्वात शेवटी करायची असं ठरवलं आहे. माळीकाकांना हे पटलेलं नाही. "ताई, रोपं आणल्याशिवाय बाग कशी दिसायची?" दिसू दे उशिरा.

१५ फेब्रुवारी

उन्हाचा नकाशा. सकाळी आठपासून दर दोन तासांनी सावलीच्या कडेला काड्या रोवल्या आणि संध्याकाळी त्या कागदावर उतरवल्या.

दुपारी बाराला घराची सावली भिंतीपासून सुमारे सात फूट. घराची उंची अकरा फूट. ही फेब्रुवारीतली गोष्ट झाली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला आणखी झुकतो तेव्हा हीच सावली दहा फुटांच्या आसपास जाणार, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. म्हणजे हिवाळी फुलांना ज्या महिन्यांत ऊन हवं नेमकं त्याच महिन्यांत निम्म्याहून जास्त अंगण सावलीत. भरवशाचं ऊन फक्त रस्त्याकडच्या पट्ट्यात.

एरवी आपण फुलझाडं घरालगत, पायरीच्या दोन्ही बाजूंना लावतो. उत्तरेच्या अंगणात ते चालायचं नाही. पेटुनिया, झेंडू, डायँथस यांना दिवसाला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. कमी पडलं की रोप उंच, लवचिक होतं आणि कळ्या धरत नाही.

लॉनही याच कारणाने रद्द. हरळीला सावली सोसत नाही. शिवाय मला तिची देखभाल करायची हौस नाही.

१ मार्च

पाण्याची चाचणी. तीन ठिकाणी एक फूट खोल खड्डे. पहिल्यांदा भरलेलं पाणी मोजायचं नाही, ते कोरडी माती पिऊन टाकते. ते मुरल्यावर पुन्हा भरायचं आणि काडीवर खुणा करून तासाला किती उतरतं ते बघायचं. तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर म्हणजे उत्तम.

कुंपणाजवळ साडेतीन. मधे तीन. घराच्या भिंतीलगत जेमतेम एक, आणि खणताना कारणही सापडलं. वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचे ढेकळं. चिमूटभर माती वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर फसफसली. चुना भरपूर आहे.

याचा परिणाम निचऱ्यापुरता राहत नाही. चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळीकाकांच्या मनात भिंतीलगत एक्झोराची रांग होती. एक्झोरा या दुखण्याला सर्वात आधी बळी पडतो, आणि सावलीत तो फुलत नाही ते वेगळंच. दोन्ही कारणं सांगितली. काका म्हणाले, "मग खत वाढवून देऊ." खत मातीत आहेच हो काका, झाडाच्या तोंडापर्यंत पोचत नाही ही अडचण आहे.

१४ मार्च

भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा दीड फूट खोल उकरून राडारोडा बाहेर काढला. पोयटा माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. तरी कडेने चुना झिरपत राहणारच, म्हणून इथली बरीच झाडं कुंडीतच ठेवणार.

उतारही आत्ताच काढून घेतला. घरापासून रस्त्याकडे पन्नासाला एक, म्हणजे १८ फुटांना साधारण सव्वाचार इंच. दोरी आणि पाण्याची नळी घेऊन पातळी धरली. डोळ्यांना हा उतार दिसतही नाही, पण पाण्याला समजतो.

२२ मार्च

आराखडा जमिनीवर. कागदावर सुंदर दिसणारी वळणदार वाट जमिनीवर आखली की पाय ती तोडून सरळ जातो. म्हणून नळी पसरून वाटेची रेघ केली आणि घरातल्या सगळ्यांना दोन दिवस ये-जा करू दिली. जिथे नळी सारखी ओलांडली गेली तिथे वाट सरळ केली. रुंदी चार फूट. दोघांना शेजारी चालता येतं आणि पावसाळ्यात ओल्या पानांना कपडे घासत नाहीत.

उंची कुंपणाकडे, बुटकी रोपं घराकडे. हे नेहमीच्या उलट वाटेल, पण उंच झाडं उत्तरेच्या कडेला असली की हिवाळ्यात त्यांची सावली रस्त्यावर पडते, आपल्या वाफ्यावर पडत नाही. कुंपणाला कण्हेर आणि तगर. त्यांच्यापुढे तीन फुटांचा मोसमी फुलांचा पट्टा. मग वाट. वाटेच्या अलीकडे क्रोटन, अॅकॅलिफा, ड्रेसिना. भिंतीलगत अॅग्लोनिमा, नेचे, सान्सेवेरिया, आणि मोंडो ग्रासची किनार.

एकूण जागेच्या पाव हिस्साही मोसमी फुलांना दिलेला नाही. मोसमी फुलं ही भाडेकरू, पानांची झुडपं घरमालक. एवढं एकदा मान्य केलं की बाग कधीच रिकामी पडत नाही.

कण्हेर विषारी आहे, सगळे भाग. छाटलेल्या फांद्या जाळायच्या नाहीत, चीक हाताला लागला तर धुवायचा. घरात रांगतं मूल असतं तर इथे कामिनी लावली असती.

घाणेरी कोणीतरी सुचवली. नको. रंग छान, पण पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात आणि ती माळरानं व्यापून बसते.

६ एप्रिल

झुडपं पावसाआधी लावणार नाही. एप्रिलमधलं रोप जगवण्यात जितकं पाणी जातं तितक्यात जूनमधली कितीतरी जगतात.

अपवाद चाफा. त्याची फांदी कोरड्या दिवसांतच लावावी. हातभर लांबीची, करड्या सालीची फांदी घेतली, पानं काढली, चीक वाहून जाऊ दिला. आता आठ-दहा दिवस सावलीत उभी ठेवायची. कापलेलं टोक सुकून कडक झालं की मगच मातीत. ओलं टोक लावलं की आतून कुजतं. लावल्यावरही पानं फुटेपर्यंत पाणी बेताचंच.

१९ एप्रिल

बोगनवेल सध्या सगळ्या अंगणाचं समाधान करते आहे. फेब्रुवारीपासून तिचं पाणी तोडलं होतं. ताण बसला की ती फुलते. रोज पाणी घातलं की नुसती पानं आणि काटे.

जवळून पाहिली. ज्याला आपण फूल म्हणतो ती तीन रंगीत कागदी पानं, सहपत्रं. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पाच टोकांची पांढुरकी चांदणी. तेच खरं फूल, बोटाच्या पेराहून लहान. तीन नळ्या एका वेळी उमलत नाहीत. आज एक उघडी, दुसरी मिटलेली, तिसरी वाळलेली. सहपत्रं मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात, म्हणून बहर इतका लांबतो. फिलिबेर कॉमरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये ही वेल गोळा केली आणि मोहिमेचा प्रमुख बोगनव्हिल याचं नाव तिला मिळालं.

३ मे

कुंड्या भरल्या. माती, शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट. कोकोपीट धुवायचं ते त्यातले क्षार जावेत म्हणून.

तळाशी खडी घातली नाही. यावरून काकांशी बराच वाद. खडीने निचरा सुधारतो हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. सीमेवर येऊन थांबतं आणि त्याच्यावरची माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडकून राहतं. खडी घातली की ही ओली पट्टी वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. एक पातेरा किंवा खापरीचा तुकडा भोकावर, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढं पुरे. "आमच्या वडिलांपासून घालतोय," काका म्हणाले. दोन कुंड्या त्यांच्या पद्धतीने भरू दिल्या. बघू.

२४ मे

हा नकाशाचा दुसरा भाग. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामधल्या सगळ्या जागांवर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. शिवाय या दिवसांत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे हिवाळ्यात ज्या भिंतीला उन्हाचा स्पर्श नाही तीच भिंत आता सकाळ-संध्याकाळ तापते. आज भिंतीवर सकाळी साडेनऊपर्यंत ऊन होतं आणि संध्याकाळी पुन्हा साडेचारनंतर.

अॅग्लोनिमा आणि नेच्यांच्या कुंड्या जुलैपर्यंत व्हरांड्यात. त्या कुंडीत ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

१२ जून

पहिला जोरदार पाऊस. छत्री घेऊन अर्धा तास अंगणात उभी होते, पाणी कुठून जातं ते बघत. उतार बरोबर काम करतो. एकच गोष्ट नकाशात नव्हती: पागोळ्या. छज्जाच्या कडेवरून पडणाऱ्या धारेने मोंडो ग्रासच्या जागेत रेघ कोरली. तिथे हातभर रुंदीची गोट्यांची पट्टी करायची. पागोळीच्या आत, भिंतीला चिकटून असलेली माती मात्र ठणठणीत कोरडी. इतक्या पावसातही तिथल्या झाडांना झारीने पाणी लागणार.

१५ ते २० जून

लागवड. प्रत्येक झुडपाची पूर्ण वाढीची रुंदी धरून अंतर. दोन कण्हेरींमध्ये पाच फूट. आत्ता फार विरळ दिसतं. येणारा-जाणारा प्रत्येकजण "अजून दोन बसली असती" म्हणतो. बसली असती, आणि तीन वर्षांनी कापावी लागली असती. मधल्या जागेत यंदापुरते तेरडा, कोंबडा आणि सदाफुली.

खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद केला. रोपाचा मातीचा गोळा जितका उंच तितकाच खोल. त्याहून खाली गेलं की खोडाची साल मातीत गाडली जाऊन कुजते. क्रोटन आणि अॅकॅलिफाच्या फांद्याही लावल्या, पानं अर्धी कापून.

शेवंतीचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, वेगळे केले. सगळे एकाच जुन्या रोपाचे.

११ जुलै

गोगलगायी. रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडलं की एकेका कोंबड्याच्या रोपावर दोन-तीन. वेचून साबणाच्या पाण्यात. दुसरा चांगला उपाय माहीत नाही. ओलं पोतं वाफ्यात पसरून ठेवलं की पहाटे त्याच्याखाली गोळा होतात, एवढीच सोय.

२ ऑगस्ट

पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले आणि रेन लिली एका रात्रीत उमलल्या. तेरड्याला पाऊस मानवतो, झिनियाला नाही. झिनियाच्या पानांवर भुरी. पानं ओली राहणार नाहीत इतकं अंतर असूनही आली. पुढच्या वर्षी झिनिया उन्हाळ्यात.

शेवंतीचे शेंडे शेवटचे खुडले. आता खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील.

३० ऑगस्ट

कण्हेरीच्या पानाखाली कोष. लांबून दवाचा मोठा थेंब वाटला. जवळ गेल्यावर कळलं की तो चकाकतो आहे, पितळेच्या भांड्याला नुकतंच घासल्यासारखा, आणि त्यात माझी छत्री वाकडी दिसते आहे. याच्या अळ्यांनी मागच्या आठवड्यात बरीच कोवळी पानं खाल्ली. अंगावर काळे तंतू असलेल्या, नारिंगी-तपकिरी. काका फवारणीचं विचारत होते. नको. कण्हेरीचं विष अळ्यांना बाधत नाही, आणि कण्हेरीलाही आठ-दहा पानं गेल्याने काही होत नाही. यातून काळसर तपकिरी, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू निघतं.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांना मात्र हा न्याय नाही. तिथे मुंग्या खोडावर ये-जा करताना दिसल्या की समजावं. ढेकणांचा गोड स्राव खायला त्या येतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. कापसाने पुसून काढले, मग साबणाचं पाणी.

१८ सप्टेंबर

पेटुनिया पेरली. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया, म्हणजे शिंकलं तरी वाफा उडून जाईल. बारीक वाळूत मिसळून पसरल्या, वर माती घातली नाही. या बीला रुजायला उजेड लागतो. पॅन्सीचं उलट, ती झाकायची.

पाणी खालून: ट्रे पाण्यात ठेवायचा आणि वरचा थर ओलसर झाला की काढायचा. वरून झारी धरली तर बिया एका कोपऱ्यात जातात. शिवाय ओलसर, कोंदट हवेत रोपांना मर लागते. काल ताठ उभं असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं. दाट पेरू नये, हवा खेळू द्यावी.

५ ऑक्टोबर

काकांच्या खडीच्या दोन कुंड्यांपैकी एक उलटी केली. खालची माती चिखल, सान्सेवेरियाची दोन मुळं तपकिरी. शेजारच्या बिनखडीच्या कुंडीत मुळं तळापर्यंत पांढरी. काका बराच वेळ दोन्ही बघत होते. मग म्हणाले, "माती वेगळी असेल." माती एकाच ढिगातली होती. दुसरी कुंडी उलटी करायला मात्र त्यांनीच आज मदत केली.

गुलाबाची छाटणी. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या बोटभर वर, तिरका काप. फुलं साधारण दीड महिन्यात.

२८ ऑक्टोबर

आता रात्रीच्या उजेडाचा प्रश्न. हिवाळ्यात ऊन मिळणारा पट्टा रस्त्याकडे, आणि रस्त्यावरचा दिवा नेमका त्याच्या पश्चिम टोकावर. शेवंतीला ऊन हवं पण रात्र अखंड काळोखी हवी. हा पेच शेवंतीसारख्या लांब रात्र लागणाऱ्या झाडांचा, म्हणून मुद्दाम तपासायचं ठरवलं: दोन कुंड्या दिव्याखाली, बाकीच्या पट्ट्याच्या पूर्व टोकाला, तगरीच्या आडोशाला. मुनवे एकाच झाडाचे, माती एक, पाणी एक.

हे कोडं जुनं आहे. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० मध्ये दाखवलं की तंबाखूचा एक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधे थोडा वेळ उजेड दाखवला तरी हिशेब पुन्हा पहिल्यापासून. अशा झाडाला रात्रभर जळणारा दिवा म्हणजे न संपणारा उन्हाळा.

२३ नोव्हेंबर

आडोशाच्या कुंड्यांत कळ्या रंग दाखवू लागल्या. दिव्याखालच्या दोन्ही हिरव्यागार, उंच, पानं मोठी, कळी एकही नाही. त्यातल्या एकीची दिव्याच्या विरुद्ध बाजूची, दुसऱ्या कुंडीच्या सावलीत गेलेली एक फांदी तेवढी टोकाला बारीक कळी धरते आहे. ती फांदी सगळ्यांना बोलावून दाखवली.

दिव्याचा पश्चिम भाग पेटुनियाला दिला. तिला लांब दिवसाचं वावडं नाही, उलट फायदाच. पॉइन्सेटियालाही शेवंतीसारखीच लांब काळोखी रात्र लागते. ती आणली तर पूर्वेला.

२० डिसेंबर

घराची सावली दुपारी दहा फूट. वाटेच्या पलीकडे सगळं उजळ, अलीकडे निळसर थंडावा. फुलं उन्हात, पानं सावलीत, हवं तसंच झालं आहे. क्रोटनच्या लाल-पिवळ्या रंगांपैकी सावलीतल्या दोन झाडांचे रंग हिरव्यात उतरले. त्यांना रंगासाठी ऊन लागतं. ते दोन वाटेच्या पलीकडे, त्यांच्या जागी ड्रेसिना.

रंगांबद्दल एकच नियम पाळला: संध्याकाळी अंगण जास्त पाहिलं जातं, म्हणून पांढरं भरपूर. लाल अंधारात सर्वात आधी काळं पडतं. विषम संख्येने रोपं लावावीत वगैरे नियम तीन-पाच रोपांपर्यंत ठीक. त्यापुढे कोण मोजतंय.

१७ जानेवारी

सुकलेली फुलं रोज खुडायची. बी धरलं की झाड फुलायचं थांबवतं. झेंडूची चार चांगली फुलं मात्र बीसाठी सोडली, देशी वाणाची. संकरित पेटुनियाचं बी ठेवण्यात अर्थ नाही. पुढची पिढी आईसारखी येत नाही.

१ मार्च

पेटुनिया थकली, उपटून कंपोस्टात. शेवंती फुलं संपल्यावर जमिनीपासून चार बोटं ठेवून कापली, मुनवे जूनसाठी. रिकाम्या पट्ट्यात झिनिया आणि पोर्टुलाका. बोगनवेलीचं पाणी तोडलं. कण्हेरी अजून एकमेकींना टेकलेल्या नाहीत; अंतर बरोबर. अॅग्लोनिमाच्या कुंड्या व्हरांड्यात न्यायची तारीख यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात धरायची, गेल्या वर्षी दोन पानं भाजली होती. काकांनी नव्या कुंड्या भरल्या आहेत, भोकावर खापरीचा एकेक तुकडा.